कौतुकाआड राहिलेला हिशेब

एखाद्या मुलीने दोन सांघिक खेळांत देशाची जर्सी घातली, किंवा एका खेळातली व्यावसायिक कारकीर्द आटोपून ती दुसऱ्या खेळात अव्वल ठरली, की तिच्यावर लिहिण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. उपजत गुणवत्ता, अफाट जिद्द, हात लावेल त्याचं सोनं. ऑस्ट्रेलियाच्या एलिस पेरीबद्दल हे भरभरून लिहिलं गेलं. तिच्याच देशातल्या एरिन फिलिप्सबद्दलही लिहिलं गेलं. यातलं काहीच खोटं नाही. पण हे कौतुक फार वरवरचं आहे, आणि ते वाचून झाल्यावर मुख्य प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

माझं म्हणणं असं : व्यावसायिक सांघिक खेळांत बाई एका खेळातून दुसऱ्यात जाते, तेव्हा ती गोष्ट आधी त्या खेळांच्या व्यवस्थेची असते आणि मग तिची. कोणतं दार कोणत्या वयात बंद झालं, कोणतं कधी उघडलं आणि तिच्या वर्षातले किती महिने कोणी विकत घेतले होते, एवढं कळलं की तिच्या कारकिर्दीचा नकाशा बराचसा काढता येतो. त्या नकाशावर किती दूर जायचं, हे तिची प्रतिभा ठरवते. रस्ते कुठून जाणार, हे ठरवणारे लोक वेगळे असतात. म्हणून तिला चमत्कार मानणं थांबवून तो नकाशा वाचायला हवा. आज महिलांच्या खेळात पैसा येतो आहे आणि जुने रस्ते बुजवून नवे आखले जात आहेत, तेव्हा तर हे तातडीने करायला हवं.

१. आधी दार बंद झालं

एरिन फिलिप्सचा जन्म १९८५चा. वडील ग्रेग फिलिप्स पोर्ट अ‍ॅडलेड क्लबचे नामवंत फुटबॉलपटू. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे, ऑस्ट्रेलियन रूल्सचा : लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, पास द्यायचा तो पायाने किंवा मुठीने ठोसून, आणि चेंडू घेऊन धावायचं तर दर १५ मीटरच्या आत त्याचा जमिनीवर एक टप्पा पाडायचा. एरिन लहानपणी हा खेळ मुलांच्या संघातून खेळली. साधारण १३व्या वर्षी ते थांबलं. त्या वयापुढे मुलींना मुलांबरोबर खेळू देत नव्हते, आणि तिला पुढे नेईल अशी मुलींची वाट नव्हती. मग ती बास्केटबॉल खेळू लागली.

पुढचं सगळं देदीप्यमान आहे. २००५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीए या महिला बास्केटबॉल लीगमधल्या कनेटिकट सन संघाने तिला निवडलं. २००६मध्ये ऑस्ट्रेलियाबरोबर विश्वविजेतेपद, २००८मध्ये बीजिंगला ऑलिंपिक रौप्य. २०१२मध्ये इंडियाना फीव्हरबरोबर आणि २०१४मध्ये फिनिक्स मर्क्युरीबरोबर डब्ल्यूएनबीए विजेतेपद. २०१६ला रिओ ऑलिंपिक. आणि २०१७मध्ये, ३१व्या वर्षी, महिलांची व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा ती अ‍ॅडलेड क्रोज संघातून मैदानात उतरली. पहिल्याच हंगामात संघ विजेता, अंतिम सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू ती आणि साऱ्या लीगमधली सर्वोत्तम खेळाडूही तीच. २०१९मध्ये हे तिन्ही मान पुन्हा तिला मिळाले.

याला खेळ बदलणं म्हणतात. घटना क्रमाने मांडल्या तर चित्र वेगळं दिसतं. तिने फुटबॉल सोडला नव्हता, तो तिच्याकडून काढून घेतला गेला होता. बास्केटबॉलमधली सगळी वर्षं तिने मनापासून आणि सर्वोच्च पातळीवर खेळून काढली, तरी त्या वर्षांची सुरुवात एका नियमाने झाली होती. शेवट झाला तोही एका संघटनेने लीग काढायचं ठरवलं म्हणून. ही लीग १० वर्षं आधी निघाली असती, तर फिलिप्स बास्केटबॉलच्या इतिहासात कदाचित नसतीच. आणखी ५ वर्षं उशिरा निघाली असती, तर फुटबॉलच्या इतिहासात नसती.

हा नियम काही निसर्गाचा नव्हता, हेही तिथल्याच मुलींनी दाखवून दिलं. मेलबर्नमध्ये पेनी क्युला-रीड आणि आणखी दोन मुलींनी २००३मध्ये याच वयोमर्यादेविरुद्ध कायदेशीर लढा दिला. मुलांबरोबर खेळत राहण्याची परवानगी तिघींनाही मिळाली, असं झालं नाही. पण त्या लढ्यानंतर व्हिक्टोरिया राज्यात मुलींसाठी स्वतंत्र स्पर्धा उभी राहिली. क्युला-रीड २०१७मध्ये कॉलिंगवूडकडून नव्या लीगमध्ये खेळली.

२. दार उघडणाऱ्यांना घाई होती

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने महिलांची स्पर्धा आधी २०२०साठी योजली होती. ती २०१७ला अलीकडे आणली. घाईचं कारण उघड होतं. क्रिकेटची महिला बिग बॅश २०१५-१६मध्ये सुरू झाली होती. पुढे रिओत ऑस्ट्रेलियाच्या महिलांनी सेव्हन्स रग्बीचं सुवर्णपदकही जिंकलं, आणि त्या संघातली क्लोई डाल्टन ही बास्केटबॉल सोडून रग्बीत आलेली होती. ती पुढे फुटबॉलमध्येही गेली आणि कार्लटनकडून खेळली. चांगल्या खेळाडू मुली मोजक्या होत्या आणि त्यांना ओढायला चार-पाच खेळ उभे होते.

३ फेब्रुवारी २०१७ला मेलबर्नच्या प्रिन्सेस पार्कवर पहिला सामना झाला. २४,५६८ प्रेक्षकांनी मैदान भरलं, दरवाजे बंद करावे लागले, लोक बाहेरून परत गेले. एवढी मागणी असलेल्या लीगमध्ये बहुतेक खेळाडूंचं मानधन हंगामाला सुमारे ८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर होतं आणि मोजक्या नामांकित खेळाडूंना २७,००० डॉलर मिळत होते. हंगाम ८ आठवड्यांचा. सकाळी नोकरी आणि संध्याकाळी सराव, असाच बहुतेकींचा दिवस होता.

अशी लीग भरायला तयार खेळाडू कुठून आणणार? ज्या मुलींना १३-१४व्या वर्षी घरी पाठवलं, त्या पिढीतून सगळ्या मिळणार नव्हत्या. म्हणून बास्केटबॉलमधून फिलिप्स आली, नेटबॉलमधून शार्नी लेटन आली, आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमधून कोरा स्टॉन्टन आली. दुसऱ्या खेळांनी वर्षानुवर्षं खर्च करून घडवलेल्या खेळाडू नव्या लीगला आयत्या मिळाल्या. वृत्तपत्रांनी याला मुलींची अष्टपैलू भरारी म्हटलं. मला त्यात आधी दिसतो तो २० वर्षं न केलेल्या गुंतवणुकीचा खड्डा, आणि तो या मुलींनी स्वतःच्या शरीराने भरून काढला.

शरीराने, हे मी शब्दशः म्हणतो आहे. ३१ मार्च २०१९ला अ‍ॅडलेड ओव्हलवर अंतिम सामना पाहायला ५३,०३४ लोक आले होते. तिसऱ्या सत्रात फिलिप्सच्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला. तिला स्ट्रेचरवरून नेलं जात असताना सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, प्रतिस्पर्धी संघाचे चाहतेही. तिचं वय ३३ होतं. गुडघ्याच्या या दुखापती महिलांच्या लीगमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतात. त्याचं खापर बाईच्या शरीररचनेवर फोडून मोकळं होणं सोपं आहे. पण वयाच्या १० ते १६ या काळात उडी मारून एका पायावर उतरणं, अंगावर येणारा धक्का झेलणं आणि जमिनीवर पडणं हे ज्यांना शिकवलंच गेलं नाही, त्यांच्याकडून पंचविशीत किंवा तिशीत तोच खेळ पूर्ण जोराने खेळून घेतला, तर त्याची किंमत कुठेतरी चुकवावी लागणारच.

३. कोणालाच परवडत नव्हती, म्हणून दोघांनाही मिळाली

एलिस पेरीची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त बोलकी आहे. २००७च्या जुलैमध्ये, १६व्या वर्षी, ती ऑस्ट्रेलियाकडून पहिला क्रिकेट सामना खेळली. ऑगस्टमध्ये ती देशाच्या फुटबॉल संघातही होती. हा फुटबॉल जगाचा. हाँगकाँगविरुद्धच्या पदार्पणात दुसऱ्याच मिनिटाला तिने गोल केला. २००९मध्ये क्रिकेटचा विश्वचषक खेळली आणि २०११मध्ये जर्मनीत फुटबॉलचा. स्वीडनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात तिने डाव्या पायाने दुरून मारलेला चेंडू गोलच्या वरच्या कोपऱ्यात गेला. सामना ऑस्ट्रेलियाने ३-१ असा गमावला, पण दोन्ही खेळांचे विश्वचषक खेळलेली खेळाडू म्हणून पेरीचं नाव कायमचं नोंदलं गेलं.

हे शक्य कसं झालं? तिच्या गुणवत्तेने, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं, की त्या वर्षांत ऑस्ट्रेलियातलं महिला क्रिकेट आणि महिला फुटबॉल, दोन्ही तिच्या पूर्ण वर्षाचे पैसे देऊ शकत नव्हते. ज्याने वर्ष विकत घेतलेलं नाही, त्याला वर्षावर हक्क सांगता येत नाही. दोन्ही खेळांची राष्ट्रीय संघ उभे करण्याइतकी तयारी होती, पण खेळाडूला बांधून ठेवण्याइतका पैसा नव्हता. या दोहोंच्या मधल्या फटीत पेरीची दुहेरी कारकीर्द उभी राहिली.

फट बुजू लागली तसा ताण दिसू लागला. २०१२मध्ये कॅनबेरा युनायटेड या फुटबॉल क्लबला तिने फुटबॉलला अग्रक्रम द्यायला हवा होता. पेरीने क्लब बदलला आणि ती सिडनी एफसीकडे गेली. पुढे २०१७च्या सामूहिक करारात ऑस्ट्रेलियातल्या महिला क्रिकेटपटूंचा एकूण मोबदला ७५ लाख डॉलरवरून ५ कोटी ५२ लाख डॉलरवर गेला. तोवर पेरीचं फुटबॉल संपल्यात जमा होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नॉर्थ सिडनी ओव्हलवर तिने इंग्लंडविरुद्ध कसोटीत नाबाद २१३ धावा केल्या. आज आपण तिला ओळखतो ती क्रिकेटपटू म्हणून. २०२३मध्ये भारतातल्या महिला प्रीमियर लीगच्या (डब्ल्यूपीएल) पहिल्या लिलावात बंगळुरूने १ कोटी ७० लाखांना घेतलेली, आणि पुढच्या वर्षी स्पर्धेत सर्वाधिक धावा करून त्यांना विजेतेपद मिळवून देणारी.

क्रिकेटने तिला निवडलं, कारण क्रिकेट पैसे देऊ लागलं. यात वाईट काही नाही. पण याला केवळ 'तिचं पहिलं प्रेम क्रिकेट होतं' असं म्हणून गुंडाळून ठेवलं, तर पैशाने घेतलेला निर्णय मनाच्या खात्यावर जमा होतो.

४. खेळ बदलताना बरोबर काय येतं

इथे एका समजुतीला उत्तर द्यायला हवं. एका खेळात घातलेली वर्षं दुसऱ्या खेळासाठी वाया जातात, ही ती समजूत. लहान वयात एकच खेळ पकडा, असं पालकांना सांगणाऱ्या अकादम्या याच समजुतीवर चालतात.

१६ मे २०१०, बार्बाडोस, महिला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटचा चेंडू पेरीच्या हातात, न्यूझीलंडला जिंकायला ५ धावा हव्या. सोफी डिव्हाइनने चेंडू सरळ गोलंदाजाच्या अंगावर जोरात मारला. चेंडू टाकून पुढे झेपावलेल्या पेरीने उजवा पाय आडवा टाकला. चेंडू बुटाला लागून मिड-ऑनकडे वळला, एकच धाव निघाली आणि ऑस्ट्रेलिया ३ धावांनी जिंकली. तो पाय फुटबॉलने घडवला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. सांगायला छान आहे, पण एका चेंडूवरून एवढा निष्कर्ष निघत नाही. मला त्या क्षणात दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं : समोर बॅट घेऊन उभी असलेली डिव्हाइन न्यूझीलंडकडून हॉकी खेळलेली होती. तिची सहकारी सुझी बेट्स २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल खेळली होती. त्या काळच्या महिला क्रिकेटमध्ये दुहेरी खेळाडू हा अपवाद नव्हता.

भक्कम पुरावा फिलिप्सच्या खेळात सापडतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये पंचाने चेंडू उसळवला किंवा आत फेकला की त्याच्याभोवती आठ-दहा जणी कोंडाळं करतात. तिथे वेगापेक्षा जागा लागते. पाठ आणि कंबर प्रतिस्पर्ध्याच्या आड घालून चेंडू आपल्या बाजूला राखायचा, हातात येताच एका पायावर गिरकी घेऊन मोकळ्या दिशेला तोंड करायचं आणि न पाहता कोण कुठे आहे हे ओळखून पास सोडायचा. बास्केटबॉलची पॉइंट गार्ड बोर्डखालच्या गर्दीत रोज हेच करते. फिलिप्सला फुटबॉलची लाथ बालपणीपासून येत होती. गर्दीत शांत डोक्याने निर्णय घेणं तिला डब्ल्यूएनबीएने दिलं. दोन खेळांनी मिळून तयार झालेली अशी खेळाडू एका खेळाला एकट्याने घडवता आली नसती.

५. वेळापत्रक नावाचा निवडकर्ता

जेस डफिन, माहेरची कॅमेरॉन, हिचं नाव मुंबईकरांनी विसरू नये. १७ फेब्रुवारी २०१३ला ब्रेबर्न स्टेडियमवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यात वेस्ट इंडिजविरुद्ध तिच्या ७५ धावा ऑस्ट्रेलियाच्या डावातल्या सर्वाधिक होत्या. डफिन पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून बाहेर पडली. २०१७मध्ये ती कॉलिंगवूडची फुटबॉलपटू होती, नंतर नॉर्थ मेलबर्नची, आणि याच काळात बिग बॅशमध्ये मेलबर्न रेनेगेड्सकडूनही खेळत होती. बिग बॅश डिसेंबर-जानेवारीत आणि फुटबॉल फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं, तोवर हे जमत होतं.

मग २०१९पासून महिला बिग बॅश ऑक्टोबरच्या आसपास सुरू होऊ लागली, पुरुषांच्या सावलीतून बाहेर काढून स्वतंत्रपणे दाखवता यावी म्हणून. २०२२मध्ये फुटबॉलचा हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर असा सरकला. दोन्ही निर्णयांमागे आपापल्या खेळाच्या भल्याचीच कारणं होती. पण दोन्ही हंगाम एकमेकांवर आले आणि दोन व्यावसायिक खेळ खेळणं जवळपास अशक्य झालं. एकाही मुलीला 'तू दुहेरी खेळाडू राहू नकोस' असं कोणी सांगितलं नाही, तशी गरजच उरली नाही. दोन कार्यालयांनी दोन वेळापत्रकं काढली आणि एक प्रकारची खेळाडूच संपली.

आक्षेप : पुरुषही दोन खेळ खेळत होते

होय. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन क्रिकेटबरोबर आर्सेनलकडून फुटबॉल खेळला. आपले चुनी गोस्वामी १९६२च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या फुटबॉल संघाचे कर्णधार होते, आणि १९७१-७२च्या रणजी अंतिम सामन्यात बंगालचं नेतृत्व करत मुंबईविरुद्ध उभे राहिले होते. पुरुषांच्या खेळातही फट होती आणि तीही पैशाने बुजवली.

फरक दोन ठिकाणी आहे. १३व्या वर्षी कॉम्प्टनला कोणी मैदानाबाहेर काढलं नव्हतं. आणि व्यावसायिक युगात पुरुषाने खेळ बदलला, तर त्याची किंमत त्याला मिळाली. रग्बी लीगचा इस्राएल फोलाऊ ऑस्ट्रेलियन फुटबॉल कधी खेळलेला नसताना त्याला पश्चिम सिडनीच्या नव्या क्लबने अनेक दशलक्ष डॉलरचा करार दिला, कारण तिथे खेळाची जाहिरात हवी होती. एका हंगामानंतर तो रग्बी युनियनकडे निघून गेला. फिलिप्सही एका नव्या लीगची जाहिरातच होती, आणि दोन वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिच्या आणि फोलाऊच्या मोबदल्यातलं अंतर पाहिलं, की दोन्हींना एकच नाव देणं बरोबर वाटत नाही.

आक्षेप : ३१व्या वर्षी येऊन अव्वल ठरते, म्हणजे लीगचा दर्जाच कमी

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तो चांगल्या घरातले, खेळ समजणारे लोकही सहज बोलून जातात. डब्लिनहून गेलिक फुटबॉल खेळून आलेल्या जिम स्टाइन्सने १९९१मध्ये पुरुषांच्या लीगमधला सर्वोच्च ब्राउनलो पुरस्कार जिंकला. कॅनडाचा रग्बीपटू माइक पाइक २०१२मध्ये सिडनी स्वान्सच्या विजेत्या संघात होता. त्यावरून पुरुषांची लीग हलकी आहे, असं कोणी म्हटलं नाही. त्या दोघांची अनुकूलनक्षमता वाखाणली गेली.

महिलांची लीग २०१७मध्ये कच्ची होती, हे खरं आहे. पण कच्चेपणाचं कारण आणि फिलिप्स अव्वल ठरण्याचं कारण एकच आहे. ज्या नियमाने तिला १३व्या वर्षी बाहेर काढलं, त्यानेच तिच्या वयाच्या हजारो मुलींनाही बाहेर काढलं. त्यातल्या बहुतेकींना डब्ल्यूएनबीए मिळाली नाही. दर्जा कमी होता असं म्हणणाऱ्याने दर्जा कोणी कमी ठेवला, हेही त्याच वाक्यात सांगावं.

आक्षेप : एकाच खेळात झोकून दिल्याशिवाय उंची येत नाही

हे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. पेरीची फलंदाजी फुटबॉल सुटल्यानंतरच बहरली. पूर्णवेळ प्रशिक्षक, वैद्यकीय पथक आणि विश्रांती मिळाली की खेळ सुधारतो, आणि त्यासाठी महिलांनी फार वाट पाहिली आहे. दुहेरी कारकिर्दीच्या आठवणीत रमून कोणी पूर्णवेळ कराराला नाक मुरडत असेल, तर मी त्याच्या बाजूला नाही. दोन खेळ खेळणाऱ्या मुलींतल्या कितीतरी जणी एका खेळात पोट भरत नव्हतं म्हणून धावत होत्या.

माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. झोकून देणं खेळाडूचं असतं, बांधून घेणं मालकाचं. १२ महिन्यांचा पगार देणाऱ्याने १२ महिन्यांवर हक्क सांगितला, तर त्यात व्यवहार आहे. ४ महिन्यांचे पैसे देऊन उरलेल्या ८ महिन्यांतही 'दुसरा खेळ नको' म्हणणं हा व्यवहार नव्हे. ऑस्ट्रेलियात २०१७च्या क्रिकेट करारात महिला आणि पुरुष प्रथमच एका करारात आले, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये २०२३ला. दोन्ही वेळा खेळाडूंची संघटना वाटाघाटीला बसली होती. तिथे निदान किती महिन्यांचे किती पैसे, हा प्रश्न टेबलावर आला.

आक्षेप : ही तिची निवड होती, तिला बळी का ठरवता?

मी तिला बळी ठरवत नाही. फिलिप्सने डब्ल्यूएनबीएतली प्रतिष्ठा बाजूला ठेवून, दोन तान्ह्या मुलांची आई असताना, अंगावर येऊन आदळणाऱ्या खेळात उतरायचं ठरवलं. २०२२मध्ये वडिलांच्या क्लबला, पोर्ट अ‍ॅडलेडला, अखेर महिला संघ मिळाला तेव्हा ती विजेता संघ सोडून तिथे पहिली कर्णधार म्हणून गेली. हे धाडस तिचं आहे आणि ते कोणत्याही व्यवस्थेच्या नावावर लिहिता येणार नाही. पण निवडीचा सन्मान करायचा, तर तिच्यासमोर पर्याय किती होते हे मोजायला हवं. पर्याय न मोजता निवडीचं कौतुक करणं पर्याय कमी ठेवणाऱ्यांच्या सोयीचं असतं.

आपल्याकडे

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा १९७३मध्ये पुण्यात झाली, तीन संघांची. नवा खेळ उघडला की त्याची पहिली पिढी दुसऱ्या खेळांतून येते, हा नियम इथेही दिसतो. डायना एडुलजी क्रिकेटमध्ये येण्याआधी बास्केटबॉल आणि टेबल टेनिस कनिष्ठ राष्ट्रीय पातळीवर खेळत होत्या. त्यांच्या काळात करार नव्हते. होती ती रेल्वेची नोकरी, आणि भारतात कित्येक वर्षं मुलगी कोणता खेळ पुढे खेळणार, हे त्या खेळाला नोकरीचा कोटा आहे की नाही यावर ठरत आलं.

जेमिमा रॉड्रिग्ज महाराष्ट्राच्या १७ आणि १९ वर्षांखालील हॉकी संघांतून खेळली, मग क्रिकेटकडे आली. ३० ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि ३३९ धावांचं लक्ष्य गाठून दिलं. समोरच्या संघाकडून पेरीने ७७ केल्या होत्या. एकीने फुटबॉल सोडलेलं, दुसरीने हॉकी. जेमिमाने योग्य निवड केली असं आता सगळे म्हणतात, मीही म्हणेन. पण तिने निवड केली तेव्हा महिलांची व्यावसायिक हॉकी लीग भारतात नव्हती. ती आली २०२५च्या जानेवारीत.

कबड्डीची अवस्था याहून वाईट. २०१६मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली. मुंबईची अभिलाषा म्हात्रे त्यातल्या आइस दिवाजची कर्णधार होती. पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. ज्या खेळात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मुली सर्वांत जास्त संख्येने घाम गाळतात, त्यात जायला व्यावसायिक लीगच नव्हती. खेळ बदलायचा तर त्यासाठीही दुसरं दार उघडं असावं लागतं.

मग मागायचं काय

पहिलं, १६ वर्षांपर्यंत कोणत्याही मुलीला खेळ निवडायला भाग पाडू नये. आपल्या शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत जातात. खो-खोची फेरी आणि क्रिकेटची निवड चाचणी एकाच दिवशी आली, की नववीतली मुलगी एका खेळातून कायमची बाहेर पडते, आणि कुठे त्याची नोंदही होत नाही. या तारखा जिल्हा पातळीवर एका टेबलावर बसून ठरवता येतात. त्याला पैसा लागत नाही.

दुसरं, जितके महिने विकत घेतले तितक्याच महिन्यांवर हक्क, आणि दुखापतीचा विमा मात्र पूर्ण वर्षाचा. ज्या शरीरावर दोन खेळ कमावतात, त्याची दुखापत कोणत्या हंगामात झाली यावर दोन क्लबांनी वाद घालायचा आणि बिल मुलीने भरायचं, हे चालता कामा नये.

तिसरं सगळ्यात अवघड. भारतात सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना नाही. २०१९मध्ये स्थापन झालेली संघटना निवृत्तांची आहे. त्यामुळे वेळापत्रक ठरताना मुलींच्या बाजूने बोलायला कोणी बसलेलंच नसतं. २०२५मध्ये महिला हॉकी लीगचा अंतिम सामना रांचीत २६ जानेवारीला झाला आणि डब्ल्यूपीएल १४ फेब्रुवारीला सुरू झाली. मध्ये १८ दिवस होते. हॉकी आणि क्रिकेट दोन्ही येणारी एखादी १८ वर्षांची मुलगी त्या वर्षी कागदावर तरी दोन्ही लीग खेळू शकली असती. हे अंतर ठरवून ठेवलेलं नव्हतं, योगायोगाने राहिलं होतं. पुढच्या हंगामांच्या तारखा ठरवताना दोन्ही खेळांच्या संघटनांनी एकमेकींना आधी कळवावं, त्या बैठकीत खेळाडूंचा प्रतिनिधी असावा, आणि हंगाम एकमेकांवर आणायचेच असतील तर त्याची कारणं लेखी द्यावीत.